सेलेनियमयुक्त धिंगरी आणि यीस्ट : काड लाल झाले म्हणजे सेलेनियम मुरले का?

काडभुसा (प्रश्न)

नमस्कार. मी काही वर्षांपासून धिंगरी अळिंबीचे लहान प्रमाणावर उत्पादन घेत आहे. अळिंबी किंवा यीस्ट वाढत असताना त्यांना सेलेनियमचा क्षार दिला, तर ते त्याचे सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त संयुगांच्या, रूपात परिवर्तन करतात आणि असे अन्न सेलेनियमची उणीव भरून काढण्यास उपयोगी पडते, असे वाचनात आल्यामुळे या हंगामात मी एक छोटा प्रयोग करून पाहिला. त्यात जे दिसले त्याचा अर्थ मला नीट लागत नाही.

गव्हाचे काड ज्या पाण्यात रात्रभर भिजवतो, त्याच पाण्यात मी सोडियम सेलेनाइट विरघळवले. एक किलो कोरड्या काडामागे १०, ४० आणि १६० मिलिग्रॅम असे तीन गट केले. भिजलेले काड निथळून, वाफवून, नेहमीप्रमाणे थराथराने स्पॉन (अळिंबीचे बियाणे) पेरून पिशव्या भरल्या. पहिल्या दोन गटांत बुरशीचे जाळे नेहमीच्याच वेगाने पसरले आणि अळिंबीही नेहमीसारखी आली. तिसऱ्या गटात मात्र जाळे विरळ राहिले, आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पिशवीच्या आतल्या बाजूने, विशेषतः काडाच्या पेरांजवळ, विटेसारखा लालसर रंग उमटू लागला. पिशवीला चिरा दिल्या तेव्हा शिळ्या लसणासारखा वास आला. या गटात थोडीच आणि खुरटी अळिंबी मिळाली.

लाल रंग म्हणजे सेलेनियम चांगले मुरले, असे मी समजून चाललो होतो. परंतु तिन्ही गटांची अळिंबी वाळवून एका प्रयोगशाळेत दिली, तेव्हा तिन्हींचा अहवाल ‘मोजमापाच्या मर्यादेखाली’ असा आला. माझे प्रश्न तीन आहेत. लाल रंगाचा नेमका अर्थ काय? हेच काम मळीवर यीस्ट वाढवून अधिक सोपे होईल का? आणि असे अन्न तयार झालेच, तर ते किती खावे?

तिसरी तोडणी

लाल रंगाचा अर्थ आपण लावला त्याच्या जवळजवळ उलट आहे. सेलेनाइट बुरशीला विषारी असते. ते प्रमाणाबाहेर आत आले की बुरशी त्याचे क्षपण करून, म्हणजे त्यातील ऑक्सिजन काढून, त्याला मूलद्रव्याच्या रूपात आणते. हे मूलद्रव्यरूपी सेलेनियम पाण्यात न विरघळणारे, अतिसूक्ष्म कणांचे आणि लाल रंगाचे असते. म्हणजे पेरांजवळ आपल्याला जे दिसले तो बुरशीने नाकारून बाजूला टाकलेला माल होता. लसणासारखा वास ही दुसरी पळवाट आहे. सेलेनियमला मिथिल गट जोडून त्याचा डायमिथिल सेलेनाइड हा उडून जाणारा पदार्थ बनवला जातो आणि तो हवेत सोडला जातो. त्या खोलीत खिडक्या उघड्या ठेवल्याखेरीज थांबू नये, हे ओघाने आलेच.

पोषणाच्या दृष्टीने जी वाट हवी ती तिसरीच आहे. आवर्तसारणीत सेलेनियम गंधकाच्या बरोबर खाली बसते आणि या दोघांत इतके साम्य आहे की गंधकापासून मिथिओनिन हे अमिनो आम्ल बनवणारी पेशीची यंत्रणा सेलेनियमही उचलते आणि सेलेनोमिथिओनिन तयार करते. ते पुढे प्रथिनांत मिथिओनिनच्या जागी बसते. या वाटेने गेलेल्या सेलेनियमला रंग नसतो आणि वासही नसतो. त्यामुळे आपल्या पहिल्या दोन गटांतील पांढरीशुभ्र, काहीच न घडल्यासारखी दिसणारी अळिंबी ही तिसऱ्या गटापेक्षा अधिक यशस्वी असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आता मात्रेविषयी. आपण लिहिलेले आकडे सेलेनियमचे आहेत की क्षाराचे? निर्जल सोडियम सेलेनाइटमध्ये सेलेनियम वजनाने सुमारे ४६ टक्के असते, तर पाच पाण्याचे रेणू असलेल्या स्फटिकात ते ३० टक्केच असते. बाटलीवरचे नाव अक्षरशः वाचावे लागते. दुसरी चूक अधिक मोठी आहे. क्षार भिजवण्याच्या पाण्यात घातला आणि मग काड निथळले, तर त्यातील किती काडात राहिला आणि किती पाण्याबरोबर गेला, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. काड आधी वाफवून, निथळून, ओलावा ठरल्यावर मोजून केलेले द्रावण त्यावर शिंपडावे आणि हातमोजे घालून काड खालीवर करावे. द्रावणही थेट पूड तोलून करू नये. साध्या तराजूवर दहा-वीस मिलिग्रॅम अचूक तोलले जात नाहीत. म्हणून अचूक तराजूवर एकदाच मोठे वजन घेऊन दाट द्रावण करावे आणि त्यातून मिलिलिटरच्या मापाने घ्यावे. पूड उडते आणि तिची विषबाधा गंभीर असते, तेव्हा मास्क हवाच.

काडात जिप्सम मिसळत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सेलेनेट हा सेलेनाइटचा भाऊबंद क्षार पेशीत सल्फेटच्या वाटेनेच शिरतो, त्यामुळे जिप्सममधील सल्फेट त्याच्याशी स्पर्धा करते. सेलेनाइट मुख्यतः फॉस्फेटच्या आणि इतर वाटांनी जाते, म्हणून त्याला ही अडचण तितकी होत नाही.

क्षाराला हात न लावता करण्याचाही एक मार्ग आहे. पंजाबातील नवांशहर आणि होशियारपूर भागात काही जमिनींत सेलेनियम नैसर्गिकरीत्याच फार आहे, आणि तिथल्या गव्हाच्या काडावर धिंगरी वाढवून तिच्यातील सेलेनियम वाढवण्याचे प्रयोग झालेले आहेत. त्या काडातील सेलेनियम गव्हाने आधीच पचवून सेंद्रिय केलेले असते. जमिनीचा जो दोष समजला जातो त्याचा असा उपयोग करून घेणे मला बाटलीतल्या क्षारापेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते.

किण्वक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझी बरीच वर्षे किण्वनाच्या टाक्यांपाशीच गेली आहेत. यीस्ट हे काम अळिंबीपेक्षा कितीतरी जोमाने करते, परंतु सोपे मात्र नाही.

ब्रेडच्या यीस्टला, म्हणजे सॅकरोमायसीज सेरेव्हिसीला, स्वतःच्या जगण्यासाठी सेलेनियमची गरजच नसते. आपल्या शरीरात जशी खास सेलेनियमयुक्त प्रथिने असतात तशी त्याच्यात नसतात. ते सेलेनियम घेते ते केवळ गंधक समजून. या फसवणुकीवरच सगळा उद्योग उभा आहे. म्हणून पहिली अट अशी की माध्यमात गंधक तुटपुंजे हवे. भरपूर सल्फेट आणि मिथिओनिन समोर असताना यीस्ट सेलेनियमकडे वळत नाही. उसाच्या मळीत गंधकाचे क्षार आधीच बरेच असतात. त्यामुळे मळी आणली, पाणी घातले आणि सेलेनाइट टाकले, एवढ्यावर काम भागत नाही. गंधक अगदीच काढून घेतले तर वाढ खुंटते. या दोन टोकांमधली अरुंद जागा शोधणे हेच खरे कौशल्य आहे.

दुसरी अट हवेची आणि साखरेची. साखर एकदम दिली तर भरपूर हवा असूनही यीस्ट मद्यार्क बनवत बसते आणि पेशींची संख्या म्हणावी तशी वाढत नाही. म्हणून साखर थेंबाथेंबाने, पेशी जितकी खातील तितकीच द्यावी लागते. सेलेनाइटही तसेच, वाढ जोमात असताना, हप्त्याहप्त्याने. माझ्या सुरुवातीच्या काळात एका पाळीला माझ्याकडून सगळा हप्ता एकाच वेळी गेला आणि तासाभरात टाकीतला सायीसारखा रंग सॅमन माशाच्या मांसासारखा गुलाबी झाला. ती पूर्ण टाकी वाया गेली. वर ‘तिसरी तोडणी’ यांनी लाल रंगाविषयी जे लिहिले आहे ते यीस्टलाही जसेच्या तसे लागू आहे. चांगले सेलेनियम-यीस्ट वाळल्यावर फिकट बदामी दिसते.

शेवटची पायरी धुण्याची. पेशींच्या बाहेर चिकटून राहिलेले सेलेनाइट वारंवार धुऊन काढावे लागते, मग उष्णतेने पेशी निष्क्रिय करून वाळवतात. हे धुणे घरी बादलीत होत नाही, त्यासाठी सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणारे यंत्र, लागते. पूरक आहारासाठीच्या सेलेनियम-यीस्टबाबत युरोपीय संघाचा निकष पाहिला की किती काटेकोरपणा अपेक्षित आहे ते कळते. वाळलेल्या मालात दर ग्रॅमला २.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक सेलेनियम नको, निष्कर्षित सेलेनियमपैकी ६० ते ८५ टक्के सेलेनोमिथिओनिनच्या रूपात हवे आणि असेंद्रिय सेलेनियम साधारणपणे १ टक्क्याच्या आत हवे.

जाता जाता, सेलेनियम हे पोषक द्रव्य आहे हा शोधही यीस्टमुळेच लागला. १८१७ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी हे मूलद्रव्य शोधले तेव्हापासून सव्वाशेहून अधिक वर्षे त्याची ओळख विष म्हणूनच होती. टोरुला नावाच्या यीस्टवर पोसलेल्या उंदरांचे यकृत सडते, पण मद्याचे यीस्ट दिले की वाचते, या कोड्याचा पाठपुरावा करताना १९५७ मध्ये श्वार्झ आणि फोल्ट्झ या संशोधकांना त्यामागे सेलेनियम असल्याचे आढळले. एका यीस्टमध्ये ते होते आणि दुसऱ्यात नव्हते, इतकेच.

मोजपट्टी

रंगावर आणि वासावर इतकी चर्चा झाली, पण प्रयोगशाळेच्या अहवालाकडे कोणी वळले नाही. ‘काडभुसा’ यांना माझा एकच प्रश्न आहे : नमुना विरघळवण्यापूर्वी त्याची राख केली होती का? सेलेनियम हे उडून जाणारे मूलद्रव्य आहे. लोह, जस्त, कॅल्शियम यांच्यासाठी नमुना भट्टीत जाळून राख करण्याची जी पद्धत सर्रास वापरली जाते, तीच सेलेनियमसाठी वापरली तर बरेचसे सेलेनियम धुराड्यातून निघून जाते आणि अहवालात काहीच उरत नाही. यासाठी नायट्रिक आम्लात, बंद भांड्यात, मायक्रोवेव्ह पाचनाने नमुना विरघळवावा लागतो.

त्यानंतर मोजणी आयसीपी-एमएस या, अणू त्यांच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या, यंत्रावर करतात आणि तिथेही एक खोच आहे. सेलेनियमचे सर्वाधिक आढळणारे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा अणू) ८० वस्तुमानाचे असते, आणि यंत्रातील आर्गॉनचे दोन अणू जोडले गेले की त्यांचेही वस्तुमान ८० भरते. या गोंधळावर उपाय करणारी सोय यंत्रात आहे का आणि ती वापरली का, हे विचारावे. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे प्रयोगशाळेने आपल्या नमुन्यांबरोबर प्रमाणित संदर्भ पदार्थ, म्हणजे ज्यातील प्रमाण आधीच ठरलेले असते असा नमुना, मोजला का, हे पाहणे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तयार केलेला सेल्म-१ हा पदार्थ म्हणजे सेलेनियम-यीस्टच आहे आणि त्यात दर किलोला सुमारे २,००० मिलिग्रॅम सेलेनियम असते. ज्या प्रयोगशाळेला त्याचा आकडा बरोबर काढता येत नाही तिच्या ‘मर्यादेखाली’ या शेऱ्याला अर्थ नाही.

हे झाले एकूण सेलेनियम. त्यातील सेलेनोमिथिओनिन किती, हे जाणण्यासाठी प्रथिने विकरांनी (एन्झाइमांनी) तोडून, घटक वेगळे करून मग मोजावे लागतात. ते काम थोड्याच ठिकाणी होते, परंतु ‘सेंद्रिय सेलेनियम’ असा शब्द पिशवीवर छापायचा असेल तर त्याला पर्याय नाही.

काडभुसा

सर्वांचे आभार. विचारणा केली. नमुना भट्टीत जाळूनच राख केली होती, असे तेथील तंत्रज्ञाने सहजपणे सांगितले. सेलेनियमसाठी वेगळी पद्धत लागते का, असे त्यांनीच मला उलट विचारले. शुल्क भरून मी धूर मोजायला लावला, असे आता म्हणायला हवे.

बाटलीही पाहिली. स्फटिक पाच पाण्याच्या रेणूंचे आहेत. म्हणजे मी ज्याला १०, ४० आणि १६० समजत होतो ते सेलेनियमच्या हिशेबाने ३, १२ आणि ४८ मिलिग्रॅम होते, आणि निथळलेल्या पाण्याबरोबर गेलेले वजा जाता त्याहूनही कमी. यीस्टचा नाद मी सोडून देतो. खाण्याच्या प्रमाणाबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही.

पथ्यपाणी

मी आहारशास्त्राच्या बाजूने लिहिते. प्रौढ माणसाची रोजची गरज अमेरिकी शिफारशीनुसार ५५ मायक्रोग्रॅम आहे आणि युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मते पुरेसे प्रमाण ७० मायक्रोग्रॅम आहे. वरची मर्यादा अमेरिकेत ४०० मायक्रोग्रॅम मानली जाते, तर युरोपीय प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती २५५ पर्यंत खाली आणली. गरज आणि मर्यादा यांच्यात इतके कमी अंतर असलेली पोषक द्रव्ये फार नाहीत, आणि या मर्यादेत आपल्या रोजच्या जेवणातून येणारे सेलेनियमही धरलेले आहे.

आता हिशेब करून पाहा. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. समजा, वाळलेल्या अळिंबीत दर ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम सेलेनियम आहे. तर १०० ग्रॅम ताज्या अळिंबीत २०० मायक्रोग्रॅम झाले, म्हणजे भाजीच्या एका वाढणीत दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ चौपट. दर ग्रॅमला ५ मायक्रोग्रॅम असेल तर तीच वाढणी ५० मायक्रोग्रॅम देते आणि तेवढे पुरेसे असते. भाजी म्हणून खायची अळिंबी असेल तर जास्तीत जास्त सेलेनियम भरण्याची ईर्ष्याच चुकीची आहे. यीस्टचा हिशेब तर धडकी भरवणारा आहे. दर ग्रॅमला २,००० मायक्रोग्रॅम असलेल्या यीस्टचे २५ मिलिग्रॅम दिवसाला पुरतात, ते चिमटीतही धड येत नाहीत. चमचाभर यीस्ट पेल्यात ढवळून घेणाऱ्याच्या पोटात काही हजार मायक्रोग्रॅम जातील.

ही केवळ कागदावरची भीती नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहारात चुकून ठरलेल्या मात्रेच्या २०० पट सेलेनियम पडले. लेबलवर २०० मायक्रोग्रॅम होते आणि आत ४०,८०० निघाले. दहा राज्यांतील २०१ जणांना बाधा झाली. केस गळणे, नखे ठिसूळ होऊन तुटणे, जुलाब, सांधेदुखी ही त्याची लक्षणे. श्वासाला येणारा लसणासारखा वासही जास्तीच्या सेलेनियमची खूण मानला जातो. आपल्या पिशवीला जो वास आला, त्याच जातीचे संयुग माणसाच्या फुप्फुसांतून बाहेर पडते.

‘सेंद्रिय’ या शब्दाभोवती जे वलय आहे त्याबद्दलही थोडे सांगावेसे वाटते. सेलेनोमिथिओनिन ९० टक्क्यांहून अधिक शोषले जाते आणि शरीरातील प्रथिनांत मिथिओनिनच्या जागी साठून राहते, हा त्याचा गुण आहे. परंतु आपली जी पंचवीस सेलेनियमयुक्त प्रथिने आहेत त्यांना सेलेनोसिस्टीन हे सेलेनियमयुक्त दुसरे अमिनो आम्ल लागते आणि ते शरीराला सेलेनोमिथिओनिन मोडून नव्यानेच घडवावे लागते. म्हणजे हा साठा आहे, तयार औषध नव्हे, आणि साठा हळूहळू वाढत जातो हे जास्त घेणाऱ्याने विसरू नये. शिवाय अळिंबीतील सगळेच सेलेनियम या रूपात असते असेही नाही. काही जंगली अळिंब्यांत ते नैसर्गिकरीत्या भरपूर असूनही शरीराला फारसे मिळत नाही.

कर्करोगाविषयीचे दावेही जपून वाचावेत. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,३१२ जणांना सेलेनियम-यीस्टमधून रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम किंवा सेलेनियम नसलेल्या साध्या गोळ्या देण्यात आल्या होत्या. त्वचेच्या कर्करोगावर परिणाम झाला नाही, पण प्रोस्टेटचा कर्करोग कमी दिसला आणि तेवढ्यावर मोठी आशा निर्माण झाली. पुढे ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर शुद्ध सेलेनोमिथिओनिन वापरून चाचणी झाली, तीत फायदा दिसला नाही आणि २००८ मध्ये गोळ्या थांबवण्यात आल्या. पहिल्या चाचणीतील लोकांचा पुढे पाठपुरावा केला असता सेलेनियम घेणाऱ्यांत टाइप २ मधुमेह अधिक आढळला. ज्याच्या आहारात उणीव आहे त्याला सेलेनियम उपयोगी पडते. ज्याच्या रक्तात ते पुरेसे आहे त्याला आणखी देण्याचे कारण मला दिसत नाही.

तिसरी तोडणी

‘पथ्यपाणी’ यांच्या हिशेबाला माझी एक पुरवणी. समजा, काडात किलोमागे १२ मिलिग्रॅम सेलेनियम खरोखर राहिले आणि त्यावर ८०० ग्रॅम ताजी, म्हणजे ८० ग्रॅम कोरडी अळिंबी आली. तिच्यात दर ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम धरले तरी एकूण १.६ मिलिग्रॅमच झाले. उरलेले दहाएक मिलिग्रॅम कुठे आहे? काही हवेत गेले असेल, पण बहुतांश उरलेल्या काडात आहे. त्यात बुरशीने काड खाऊन त्याचे वजन ६०० ग्रॅमवर आणले असेल, तर त्या काडात किलोमागे १७ मिलिग्रॅमपर्यंत सेलेनियम असू शकते. जनावरांच्या संपूर्ण खाद्यासाठी युरोपातील मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. तोडण्या संपल्यावर काड गुरांना घालण्याची पद्धत अनेकांकडे असते, म्हणून विचारतो : आपण ते काड आणि भिजवणाचे निथळलेले पाणी यांचे काय केले?

काडभुसा

काड अजून गोठ्याकडे गेलेले नाही. तिन्ही गटांच्या पिशव्या मी आज दोरीने बांधून, वर खूण करून, जनावरांचे तोंड पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवल्या. पाणी मात्र मी भाजीच्या वाफ्यात सोडले होते. त्या वाफ्यातील पालेभाजी या वेळी खुडणार नाही. ती आणि तिथली माती या दोन्हींचे नमुने पहिल्या गटाच्या अळिंबीबरोबर, बंद भांड्यात पाचन करणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्यांच्याकडे सेल्म-१ आहे का, हे आधी विचारून घेतले आहे. आहे.